विषारी जागा साफ करायची, तर पैसा कुणाकडे मागायचा?

साताऱ्यात शिरवळ, खंडाळा, लोणंद, वाई, देगाव आणि कराडजवळचे तासवडे. सांगलीत कुपवाड, मिरज, पलूस, कडेगाव, विटा, शिराळा. औद्योगिक वसाहतींची ही यादी आता लांबलचक झाली आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, म्हणजे या भागात लोखंड वितळवण्याला आणि घडवण्याला शंभर वर्षे उलटून गेली. कारखाना चालू असतो तोवर त्याच्या सांडपाण्यावर निदान कुणाची तरी नजर असते. तो बंद पडला, बँकेने टाळे ठोकले, मालक निघून गेला, की मागे राहिलेली पिंपे आणि टाक्यांच्या तळाचा गाळ यांचे काय करायचे हा प्रश्न शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत जातो.

अशा वेळी ग्रामसभेत हमखास विचारले जाते, "शासनाचे काही अनुदान आहे का?" आहे. पण ते ग्रामपंचायतीने अर्ज करावा आणि खात्यात जमा व्हावे, अशा स्वरूपाचे नाही. पैसा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला आहे आणि त्यातले प्रत्येक खाते एकाच अटीवर उघडते: ती जागा सरकारी दप्तरात दूषित म्हणून चढलेली हवी. आपल्या दोन जिल्ह्यांत अडते ते मुख्यतः इथेच. पैशाच्या आधी नोंदीसाठी भांडायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

कोणता कचरा घातक, कोणता नाही

"घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६" यांच्या परिशिष्टांत उद्योगवार यादी आहे. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देण्याच्या) टाक्यांचा गाळ, वापरलेले इंजिन ऑइल, रासायनिक सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा गाळ, रंगकामाचा चोथा हे त्या यादीत येतात. कारखानदाराला असा कचरा साधारण ९० दिवसांपर्यंतच आवारात साठवता येतो. त्यानंतर तो परवाना असलेल्या सामाईक केंद्राकडे पाठवावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रासाठी असे मोठे केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे पाठवणारा, वाहतूकदार आणि घेणारा या तिघांच्या सह्यांचा कागद जातो.

रांजणगावपर्यंतचे भाडे आणि तिथले टनामागचे शुल्क वाचवण्यासाठी काही जण रात्रीत माल ओढ्यात किंवा गायरानात उतरवतात. दूषित जागा तयार होते ती बहुधा अशीच.

फौंड्रीची वापरलेली वाळू, साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी, शहराचा कचरा डेपो, गावचा सांडपाण्याचा नाला यांचा त्रास कमी नाही. पण कायद्याच्या भाषेत ही बहुतांश वेगळी प्रकरणे आहेत आणि त्यांच्या पैशाची खातीही वेगळी आहेत. अर्जात सगळे एकत्र लिहिले की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि कागद फिरत राहतो.

ज्याने घाण केली त्याने भरायचे

सरकारी पैशाच्या आधी कायदा प्रदूषकाचा खिसा शोधतो. या तत्त्वाला आपल्याकडे धार आली ती राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावामुळे. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच आम्ल हे रंगनिर्मितीत लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी आपला गाळ उघड्यावर टाकला. विहिरींचे पाणी लालसर तपकिरी झाले, शेती गेली. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा सगळा खर्च कंपन्यांनी द्यावा असा निकाल दिला. पुढे ठरलेला आकडा ३७ कोटी रुपयांच्या वर गेला. कंपन्यांनी अर्जामागून अर्ज करून वसुली लांबवत नेली आणि २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. निकाल गावाच्या बाजूने लागूनही पंधरा वर्षे गेली. आपल्याकडच्या एखाद्या गावाने न्यायालयाचा रस्ता धरताना हा काळ गृहीत धरावा.

तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तिथली पाऱ्याने दूषित झालेली माती साफ करण्याचा भार कंपनीवरच आला. कंपनी मोठी होती, नाव सर्वांना ठाऊक होते, म्हणून ते जमले. कुपवाडमधल्या चार कामगारांच्या प्लेटिंग शेडबाबत ते इतके सोपे नसते.

प्रदूषण नियंत्रण मंडळ पर्यावरणीय नुकसानभरपाई आकारते. संमतीपत्राच्या अटी मोडल्यास केंद्रीय मंडळाने दिलेले सूत्र असे: प्रदूषणाचा निर्देशांक, दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण यांचा गुणाकार. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या श्रेणीतल्या उद्योगासाठी निर्देशांक ८०, रुपयांचा गुणक सर्वसाधारणपणे २५०, लघुउद्योगासाठी ०.५ आणि दहा लाखांखालच्या वस्तीसाठी १. म्हणजे दिवसाला १०,००० रुपये, तीन महिन्यांचे ९ लाख. ही रक्कम नियमभंगाच्या दिवसांवर ठरते, मातीत किती खोल विष मुरले आहे यावर नाही. म्हणून तक्रारीत नुकसानभरपाई आणि प्रत्यक्ष सफाईचा खर्च अशा दोन वेगळ्या मागण्या लिहाव्यात.

४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. जल कायद्याच्या कलम ३३अ आणि हवा कायद्याच्या कलम ३१अ खाली राज्य मंडळांना पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी भरपाई घेता येते, मात्र त्यासाठी आधी नियम व कार्यपद्धती ठरलेली हवी, असे त्यात म्हटले आहे. मंडळाकडे वसुलीचा अधिकारच नाही, हे उत्तर आता चालणार नाही.

मालक सापडत नाही तेव्हा

कंपनी बुडाली, शेड तीनदा विकली गेली, रात्रीत पिंपे टाकणारा कोण ते कळत नाही. अशा बेवारस जागांसाठी देशात फार काळ स्वतंत्र कायदेशीर चौकट नव्हती. ती २४ जुलै २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या "पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५" यांनी आली.

या नियमांत जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल द्यायचा आहे. राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यात तथ्य दिसले तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. २०१६च्या नियमांतल्या १८९ घातक रसायनांपैकी कशाचे प्रमाण सुरक्षित पातळीच्या वर आहे ते पाहायचे. वर असेल तर जागा जाहीर करून तिथला वावर रोखायचा, सफाईचा आराखडा करायचा आणि जबाबदार कोण हे मंडळाने ९० दिवसांत शोधायचे. जबाबदार सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र आणि राज्य सरकारने मिळून खर्चाची सोय करायची.

आपण ज्याला सरकारी अनुदान म्हणतो ते घातक कचऱ्याच्या बाबतीत मुख्यतः हेच. ते मिळते राज्य यंत्रणेला, ठरलेल्या जागेसाठी, ठरलेल्या आराखड्यावर.

नियमांत एक मोठी उणीव आहे. ओळख, तपासणी, जबाबदार व्यक्तीचा शोध यांना मुदती आहेत. जागा दूषित ठरल्यावर ती अमुक दिवसांत साफ झालीच पाहिजे अशी मुदत नाही. नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा ओळखलेल्या होत्या आणि त्यांपैकी फक्त सातांवर काम सुरू झाले होते. हे आकडे पाहिल्यावर त्या गाळलेल्या मुदतीची किंमत कळते.

किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो या नियमांच्या बाहेर आहेत. पण अशा जागेत घातक रसायन मिसळून त्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले असेल, तर ती जागा नियमांत येते. कचरा डेपोंसाठी हे कलम लक्षात ठेवावे.

आपले जिल्हे यादीत का दिसत नाहीत

२००९ मध्ये केंद्रीय मंडळाने औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. महाराष्ट्रातून अतिगंभीर गटात चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर आले. लक्ष, कृती आराखडे आणि न्यायालयीन लढे पुढे त्याच ठिकाणांभोवती फिरले. सातारा-सांगली त्यात नव्हते आणि ते बरेच झाले. पण जिल्हा अतिगंभीर नाही याचा अर्थ त्यातला प्रत्येक प्लॉट स्वच्छ आहे असा नसतो. आपल्याकडचे उद्योग लहान आणि विखुरलेले. दोषही तसाच विखुरलेला, एखाद्या ओढ्याच्या पाचशे मीटरमध्ये किंवा दोन-चार विहिरींत. तो मोठ्या निर्देशांकात उमटत नाही. त्याला पकडायला जिल्हा पातळीवरचाच कागद लागतो आणि सहामाही अहवालाचे महत्त्व त्यातच आहे.

त्यात आपला खडक बेसॉल्टचा. पाणी भेगांमधून आणि सांध्यांमधून धावते. त्यामुळे कारखान्याला खेटून असलेली विहीर चांगली आणि त्यापलीकडची खराब, असेही होऊ शकते. एका विहिरीच्या चांगल्या नमुन्यावरून प्रकरण बंद करू देऊ नये.

केंद्राकडे हा पैसा येतो कुठून

२०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी सुरू झाला. २०१६ पर्यंत उपकर ४०० रुपयांवर गेला. देशातल्या काही घातक कचऱ्याच्या जागांचे सफाई आराखडे तयार करण्यासाठी या निधीतून पैसा मिळाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, कोळशाचा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळला आणि हा झरा आटला.

दुसरे खाते पर्यावरण मदत निधीचे. १९९१च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली घातक पदार्थ हाताळणारा उद्योग विमा उतरवतो, तेव्हा हप्त्याइतकीच रक्कम या निधीत भरतो. हा निधी आधी अपघातग्रस्तांच्या मदतीपुरता होता. २०२३च्या जन विश्वास कायद्याने तो पर्यावरण पूर्ववत करण्यासाठीही वापरता येईल असा बदल केला. हरित न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाईची रक्कमही याच निधीत जमा होऊ शकते.

तिसरी वाट थेट अंदाजपत्रकाची. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५च्या सुरुवातीला पीथमपूरला हलवला आणि जूनअखेर जाळून संपवला. केंद्राने त्यासाठी १२६ कोटी रुपये दिले, म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख. आणि हा होता फक्त गोळा करून ठेवलेला कचरा. तिथली माती आणि भूजल यात धरलेले नाही. भोपाळचे प्रकरण असाधारण होते, तो दर इतरत्र लावता येत नाही. पण कचरा वेळेत रांजणगावला पाठवण्याचा खर्च आणि उशिरा सफाई करण्याचा खर्च यांत किती अंतर पडते, ते यातून दिसते.

अमेरिकेने १९८० मध्ये, नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीखाली पुरलेली रसायने वर आल्यानंतर, सुपरफंड कायदा केला. तेल आणि रसायन कंपन्यांवर कर लावून बेवारस जागांसाठी कायमचा निधी उभारला. तो कर १९९५ मध्ये बंद पडला तसा निधी रोडावला आणि भार सामान्य करदात्यावर गेला. २०२१च्या कायद्याने रसायनांवरचा कर परत आला. आपल्याकडेही हाच धडा घ्यायला हवा होता: असा निधी दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर ठेवू नये, त्या उद्योगातूनच त्याला नियमित पैसा यावा.

कचरा डेपो आणि नदी: शेजारची खाती

शहरांच्या जुन्या कचऱ्याचे अनुदान बरेच सरळ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये एक लाखाखालच्या शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्यापुढच्यांना २५ टक्के केंद्रीय साहाय्य ठरले. २०११च्या जनगणनेप्रमाणे सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर आणि सातारा शहराची १,२०,१९५. दोन्ही ३३ टक्क्यांत बसतात. कराड ५० टक्क्यांत. सांगली-मिरजेचे समडोळी रोड आणि बेडग रोडचे डेपो, साताऱ्याचा सोनगाव डेपो यांचा विषय या खात्याचा. त्याशिवाय मार्च २०२६पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतला वाटा स्वच्छतेसाठी ठरला होता. पाचगणीने जुन्या कचऱ्याच्या जागेचा "स्वच्छ भारत पॉइंट" केला, म्हणजे हे काम लहान नगरपालिकेलाही जमते. पण डेपोत कारखान्यांचा गाळ येऊन पडला असेल, तर नुसते बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उकरून वेगळा करणे, उरकून ती माती शेतात वापरायला देणे धोक्याचे आहे. आधी धातूंची तपासणी झालीच पाहिजे.

नदीचे खाते आणखी वेगळे. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कृष्णेवरची कराड आणि सांगली ही दोन्ही शहरे आली. सांगलीचे सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरी नाला अजूनही चर्चेतून गेलेला नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या प्रमाणावर मेले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे गेले. नदी वाहती असते, महिन्याभरात पुरावा निघून जातो. जमिनीतला घातक गाळ मात्र तिथेच बसून राहतो. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांसारखा पूर आला, तर काठावरची पिंपे आणि गाळ कुठल्या शिवारात जाऊन पडतील ते सांगता येणार नाही. पूररेषेतल्या बंद कारखान्यांची तपासणी सहामाही अहवालात सर्वांत आधी यायला हवी.

गावाने काय करावे

पिंपे उघडू नयेत, हलवू नयेत, जाळू नयेत. जेसीबीने मुरूम ओढून वरून झाकण्याची घाई सर्रास होते. त्याने विष जात नाही, पुरावा मात्र गाडला जातो. गुरे आणि मुले तिकडे जाणार नाहीत एवढी व्यवस्था करून पुढचे सगळे कागदावर करावे.

ग्रामसभेचा ठराव करावा. त्यात गट नंबर, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, तारखेसह फोटो, त्रास कधीपासून, कोणत्या विहिरी व बोअर, त्यांवर किती कुटुंबे अवलंबून, हे लिहावे. ठराव जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा आणि "२०२५च्या नियमांखाली संशयित दूषित स्थळ म्हणून नोंद घ्यावी" असे स्पष्ट शब्द वापरावेत. प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला. सातारा कार्यालय मंडळाच्या पुणे विभागात येते, सांगली कोल्हापूर विभागात. वरच्या पातळीवर पाठपुरावा करताना हा फरक लक्षात ठेवावा. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये, कारण ९० दिवस मोजायचे तर तारीख हवी.

पाण्याचा नमुना गावाने स्वतः तपासून घेतला तर संशयाला बळ येते. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची आणि सायनाइडची मर्यादा लिटरला प्रत्येकी ०.०५ मिलिग्रॅम आहे. प्लेटिंगचा संशय असेल तर या दोन्ही चाचण्या नाव घालून मागाव्यात, नेहमीच्या तपासणीत त्या असतीलच असे नाही. पण कारखान्याच्या सांडपाण्याबाबत न्यायालयात टिकतो तो जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाने रीतसर घेतलेला, सीलबंद नमुना. म्हणून मंडळाच्या अधिकाऱ्यांसमोर पंचनामा आणि नमुना, दोन्ही मागावे.

जबाबदार कोण हे शोधण्यात गावाची मदत सर्वांत जास्त होऊ शकते. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मंडळाकडून त्या कारखान्याची संमतीपत्रे आणि नमुना ४ मधली वार्षिक विवरणपत्रे मागता येतात. किती घातक कचरा तयार झाला आणि किती कुठे पाठवला हे त्यात असते. विवरणपत्रातले टन आणि मॅनिफेस्टवरचे टन जुळले नाहीत, तर उरलेला माल गेला कुठे, हा प्रश्न विचारायला सरकारी कागदच हातात येतो. भूखंड कुणाकुणाच्या नावावर होता हे एमआयडीसीकडून कळते. कारखाना बँकेच्या ताब्यात असेल किंवा दिवाळखोरीत असेल, तर बँकेला किंवा अवसायकाला लिलावाआधीच लेखी कळवावे. लिलावात स्वस्त शेड घेणाऱ्यानेही जमिनीखालच्या टाक्या पाहिल्याशिवाय सही करू नये.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा विहिरींना पर्यायी पाणी देण्यासाठी किंवा तपासणीसाठी मागता येतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माती आणि पाण्याची गुणवत्ता राखणे हा विषय आहे. मात्र ज्या कंपनीने घाण केली तिने स्वतःची कायदेशीर जबाबदारी सीएसआर म्हणून दाखवलेली मान्य करू नये.

मुदती

माहिती अधिकाराचे उत्तर ३० दिवसांत यायला हवे. प्राथमिक तपासणीला ९० दिवस, सविस्तर सर्वेक्षणाला त्यापुढचे तीन महिने. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १९ खाली स्वतः तक्रार दाखल करायची असेल, तर ६० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. हरित न्यायाधिकरणात पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो. नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्याची मागणी पाच वर्षांपर्यंत करता येते, दोन्हींत पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस. पाच वर्षे पुष्कळ वाटतात, पण त्यात तपासणीचे सहा महिने, माहिती अधिकाराची अपिले आणि एखादा पावसाळा वजा होतो. गावातला कुणी एक जण या तारखांची वही ठेवणारा हवा. सरपंच आणि अधिकारी बदलत राहतात, म्हणून त्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरातही असू द्यावी.